घरचीं यंत्रें : चित्र अडखळतें कां?

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे जीं पत्रें आलीं, त्यांपैकीं निदान सहा पत्रांत एकच गाऱ्हाणें निरनिराळ्या शब्दांनीं मांडलेलें आहे. घरीं संगणक आहे, पडदा मोठा व चांगला आहे, चित्रफीतहि उत्तम प्रतीची आहे; परंतु ती लावली म्हणजे चित्र सरळ वाहत नाहीं, थबकत थबकत चालतें. कोणी लिहितात कीं पाठ म्हणतांना अडखळणाऱ्या मुलासारखें तें चालतें; कोणी लिहितात कीं आवाज पुढें निघून जातो आणि ओंठ मागाहून हलतात. या सहांपैकीं एक पत्र आम्हांला विशेष महत्त्वाचें वाटलें. त्यांत नुसती तक्रार नाहीं, घरांतील एक पेंचहि आहे; आणि तो सोडवितांना बाकीच्या पत्रांनाहि बहुतेक उत्तर मिळून जातें.

पत्र पुण्याच्या एका भगिनीचें आहे. त्यांच्या एकत्र कुटुंबांत गेल्या वैशाखांत थोरल्या जाऊबाईंच्या मुलाची मुंज झाली. चित्रण करणाऱ्या गृहस्थांनीं सर्व विधींचें मूळ चित्रण एका डिस्कवर घालून दिलें. सासूबाईंची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नुकतीच झालेली असल्यामुळें त्या कार्यालयांत जाऊं शकल्या नव्हत्या. नातवाचें मातृभोजन आणि भिक्षावळ पडद्यावर तरी डोळे भरून पाहावी, एवढीच त्यांची इच्छा. एका रविवारीं सर्व मंडळी जमलीं, चित्र लावलें, आणि तें दर क्षणाला अडूं लागलें. दहा मिनिटांत सासूबाई 'मला नाहीं बाई पाहवत' म्हणून उठून गेल्या. दुकानदारास विचारलें, तर त्यानें पस्तीस हजारांचें ग्राफिक्स कार्ड बसविण्यास सांगितलें. धाकटे भाऊजी अर्थातच या सल्ल्याच्या बाजूचे आहेत. मामंजींचें म्हणणें असें कीं, दोन वर्षांपूर्वीं एवढे पैसे घालून घेतलेला संगणक जर घरची मुंज दाखवूं शकत नसेल, तर त्यांत आणखी पैसे ओतून काय साधणार? चार महिने झाले. कार्ड आलें नाहीं, मुंजहि पाहून झाली नाहीं, आणि विषय निघाला कीं जेवणाच्या पानावर दोघे मुकाट्यानें जेवतात. भगिनी विचारतात : कार्ड घ्यावें कीं न घ्यावें?

आमचें उत्तर आधींच सांगून टाकतों. तें कार्ड घेऊं नये. मामंजींचा निर्णय बरोबर आहे, जरी त्यांनीं दिलेलें कारण तितकेंसें बरोबर नाहीं. आणि भाऊजींना कार्ड हवेंच असेल, तर त्यांनीं तें ज्या कामासाठीं हवें आहे त्या कामाच्या नांवानें मागावें. आईच्या नांवानें मागूं नये.

हें असें कां म्हणतों तें समजण्यासाठीं चित्रफीत म्हणजे काय, तें थोडें पाहिलें पाहिजे. हाय-डेफिनिशन म्हणतात त्या चित्राच्या रुंदींत १९२० आणि उंचींत १०८० ठिपके असतात. म्हणजे एका चित्रांत २० लाख ७३ हजार ६०० ठिपके झाले. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठीं तीन बाइट धरले आणि सेकंदाला पंचवीस चित्रें धरलीं, तर एका सेकंदाला साडेपंधरा कोटी बाइटांहून अधिक माहिती होते. तासाभराच्या समारंभाला साडेपांचशें गिगाबाइट लागतील. ४के म्हणून जी मोठी जात आहे तिच्यांत ठिपके याच्याहि चौपट. इतकें ओझें घरच्या डिस्कवर वागविणें परवडणारें नाहीं; म्हणून चित्र घडी घालून ठेवतात. मागल्या चित्रांत जें होतें व पुढल्यांतहि जसेंच्या तसें आहे, तें पुनः लिहीत नाहींत. होमाची ज्वाळा हलते, तिच्यामागची भिंत हलत नाहीं. तेव्हां ज्वाळा लिहावयाची, आणि भिंतीबद्दल 'पूर्वीप्रमाणें' एवढेंच म्हणावयाचें. असें केल्यानें ओझें शेंकडों पटींनीं हलकें होतें. परंतु पाहण्याच्या वेळीं ही घडी उलगडावी लागते, आणि तीहि ठरल्या वेळांत. सेकंदाला पंचवीस चित्रें असतील तर प्रत्येक चित्राला एका सेकंदाचा पंचविसावा भाग मिळतो. पन्नास असतील तर त्याच्याहि निम्मा. तेवढ्यांत उलगडणें झालें नाहीं कीं तें चित्र सोडून द्यावें लागतें. त्यालाच आपण अडखळणें म्हणतों.

घडी घालण्याच्या पद्धति अनेक आहेत. २००३ सालीं ठरलेली एच. २६४ ही आजहि सर्वांत सर्वमान्य. टेलिव्हिजनपासून मुलांच्या फोनपर्यंत हल्लींच्या बहुतेक सर्व यंत्रांना ती उलगडतां येते. २०१३ सालीं तिच्यापुढची एच. २६५, अर्थात् एचईव्हीसी, आली. तेंच चित्र सुमारें निम्म्या जागेंत बसवावें हा तिचा हेतु. त्याच वर्षीं गूगलनें व्हीपी ९ पुढें आणली, आणि २०१८ सालीं अनेक कंपन्यांनीं मिळून एव्ही १ प्रसिद्ध केली. घडी जितकी लहान तितकी ती उलगडण्याची मेहनत जास्त, हें कपाटांत पैठण्या ठेवणाऱ्या कोणाहि गृहिणीला निराळें सांगावयास नको.

आतां मुख्य मुद्दा. ही घडी दोन हातांनीं उलगडतां येते. एक हात मुख्य प्रोसेसरचा. तो सर्व कामें जाणणारा आचारी आहे. सांगाल तें करील, पण प्रत्येक गोष्ट हातानें करील, घाम गाळील आणि पंखा फिरवील. दुसरा हात ग्राफिक्सच्या भागांत बसविलेल्या एका स्वतंत्र मंडलाचा. तें मंडल म्हणजे चकलीचा सोऱ्या आहे. पीठ घातलें कीं बिनबोभाट चकल्या पडतात, श्रम जवळजवळ नाहींत. मात्र त्यांतून पुरणपोळी निघत नाहीं. ज्या पद्धतीसाठीं तें घडविलें तीच पद्धति तें उलगडतें. दुसरी समोर आली तर मुकाट्यानें बाजूला होतें आणि सर्व काम आचाऱ्याच्या अंगावर पडतें.

दुकानदार जें सांगत नाहींत तें हें कीं, महागड्या कार्डाची किंमत या सोऱ्याची नसते. ती असते खेळांतील डोंगर, सैनिक आणि मोटारी क्षणोक्षणीं नव्यानें रंगविण्याच्या शक्तीची. मुंज रंगवावयाची नाहीं. ती रंगवून झालेली आहे, फक्त उलगडावयाची आहे. एकाच कंपनीच्या एकाच पिढींतील दहा हजारांच्या व एक लाखाच्या कार्डांत उलगडण्याचें मंडल बहुधा एकाच जातीचें असतें. म्हणून चित्रफीत पाहण्यासाठीं कार्ड निवडतांना 'केवढ्याचें' हा प्रश्न गौण; 'कोणत्या पिढीचें' हाच खरा प्रश्न.

आणि पुष्कळदां स्वतंत्र कार्ड लागतच नाहीं. इंटेलच्या प्रोसेसरांत हें मंडल २०११ सालापासून आंतच बसविलेलें येतें. सहाव्या पिढीपासून, म्हणजे २०१५ पासून, त्याला साधी एचईव्हीसी येऊं लागली; सातव्या पिढींत अधिक सूक्ष्म रंगांची, दहा बिटांची एचईव्हीसी आणि व्हीपी ९ साधली; २०२० सालीं निघालेल्या अकराव्या पिढीपासून एव्ही १ हि आली. एवढेंच पाहावें कीं प्रोसेसरच्या नांवाच्या शेवटीं 'एफ' हें अक्षर नसावें. तें असलें म्हणजे आंतील ग्राफिक्सचा भाग बंद केलेला असतो. थोडे पैसे वांचतात म्हणून हा प्रकार पुष्कळांच्या गळ्यांत मारला जातो, आणि मग कार्ड घेणें भागच पडतें. एनव्हिडियाच्या कार्डांत २०१६ च्या १० मालिकेपासून दहा बिटांची एचईव्हीसी, आणि २०२० च्या ३० मालिकेपासून एव्ही १ उलगडते. एएमडीच्या २०२० च्या ६००० मालिकेनेंहि एव्ही १ आणली, पण त्याच मालिकेंत २०२२ सालीं निघालेल्या ६४०० व ६५०० एक्सटी या स्वस्त कार्डांतून ती गाळलेली आहे. नवें तें चांगलेंच, असें धरून चालणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें.

याच्या उलट एक नमुना. जीटी ७१० नांवाचें एक लहानसें कार्ड 'व्हिडिओ पाहण्यापुरतें पुष्कळ झालें' असें म्हणून वर्षानुवर्षें विकलें गेलें. त्याच्या मंडलाला एच. २६४ येते, एचईव्हीसी येत नाहीं, व्हीपी ९ येत नाहीं. सातव्या पिढीच्या इंटेल संगणकांत तें बसवून पडदा त्याला जोडला, म्हणजे पैसे देऊन शहाणा माणूस उठवावयाचा आणि त्याच्या जागीं कमी शिकलेला बसवावयाचा, असाच प्रकार होतो. बेळगांवच्या एका वाचकांच्या पत्रांत नेमकें हेंच घडलें आहे. त्यांनीं कार्ड काढून केबल पुनः मूळच्या जागीं जोडावी. दुसरें कांहींहि करण्याची आवश्यकता नाहीं.

आतां पुण्याच्या पत्राकडे वळूं. भगिनींनीं संगणकाची माहिती नीट उतरवून पाठविली आहे, हें फार चांगलें केलें. प्रोसेसर इंटेलचा, बाराव्या पिढीचा, नांवांत 'एफ' नाहीं. म्हणजे वर सांगितलेल्या चारहि पद्धति त्याला येतात. मग मुंज अडखळते कां? आम्हीं त्यांना उलट टपालीं विचारलें कीं, व्हीएलसी या कार्यक्रमांत ती फीत लावून साधनांच्या यादींत 'कोडेक इन्फर्मेशन' म्हणून जें पान आहे तें उघडून काय लिहिलें आहे तें कळवावें. उत्तर आलें : एच. २६४, सेकंदाला पन्नास चित्रें, ४के, रंग दहा बिटांचे, आणि पुढें ४:२:२ असे आंकडे.

या शेवटच्या आंकड्यांत सर्व रहस्य आहे. आपल्या डोळ्यांना उजेडांतील फरक जितका बारीक कळतो तितका रंगांतील कळत नाहीं. म्हणून नित्याच्या चित्रफितींत प्रत्येक ठिपक्याचा उजेड निराळा लिहितात, पण रंग चार ठिपक्यांत मिळून एकच ठेवतात. याला ४:२:० म्हणतात. घरीं पाहावयाच्या जवळजवळ सर्व चित्रफिती अशाच असतात, आणि उलगडण्याचीं मंडलेंहि यांच्यासाठींच घडविलेलीं असतात. परंतु लग्नमुंजींचें चित्रण करणारे व्यावसायिक आपल्या कॅमेऱ्यांत पुष्कळदां ४:२:२ ठेवतात. तेथें दोन ठिपक्यांना एक रंग मिळतो, आणि दहा बिटांमुळें प्रत्येक रंगाच्या छटा २५६ ऐवजीं १०२४ होतात. मागाहून रंग सुधारतांना, कापतांना, जोडतांना याचा उपयोग असतो. तें शिजवलेलें अन्न नाहीं, शिधा आहे. त्या गृहस्थांनीं प्रामाणिकपणें मूळ चित्रण देऊन टाकलें, आणि घरच्या मंडळींनीं तोच शिधा पानांत वाढून घेतला.

एनव्हिडियाच्या कार्डांना ४:२:२ उलगडणें २०२५ च्या ५० मालिकेपर्यंत साधत नव्हतें. दुकानदारानें सुचविलेलें कार्ड ४० मालिकेंतील आहे. तेव्हां पस्तीस हजार खर्चून तें बसविल्यावरहि मंडल बाजूलाच झालें असतें, सर्व भार पुनः त्याच प्रोसेसरवर पडला असता, आणि चित्र अडखळतच राहिलें असतें. त्या दिवशीं घरांत काय बोलणें झालें असतें त्याची कल्पना न केलेली बरी. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या मंडलाला एचईव्हीसी पद्धतीचें ४:२:२ उलगडतां येतें, हें खरें. पण येथें फीत एच. २६४ ची आहे. शिवाय मंडलाला येत असलें तरी चित्र चालविणारा कार्यक्रम त्याला तें सांगतोच असेंहि नाहीं.

उपाय अगदी साधा आहे. चित्रण करणाऱ्या गृहस्थांकडे 'पाहण्याची प्रत' मागावी, एच. २६४, आठ बिट, ४:२:०, असें कागदावर लिहून द्यावें. मूळ चित्रणाचे रंग धुवून फिकट झाल्यासारखे दिसत असतील, तर रंग सुधारलेली प्रतच मागितली पाहिजे, कारण फिकटपणा मुद्दाम ठेवलेला असतो. ते गृहस्थ उपलब्ध नसतील तर हँडब्रेक नांवाचा विनामूल्य कार्यक्रम आहे, त्यानें ही प्रत घरीं करतां येते. रात्रीं निजतांना लावून द्यावें. तासाभराच्या ४के चित्रणाला कित्येक तास लागूं शकतात. येथें एक खांच आहे. या कार्यक्रमाची ठरीव योजना चित्रांची संख्या सेकंदाला जास्तींत जास्त तीसवर आणते. पन्नासांतून तीस काढावयाचीं म्हणजे दर पांचांतून दोन टाकावयाचीं, आणि मग कितीहि चांगल्या यंत्रावर चालण्याबोलण्यांत झटके दिसणार. म्हणून चित्रसंख्येच्या रकान्यांत 'मूळाप्रमाणें' अशा अर्थाचा पर्याय निवडावा. गुणवत्तेचा आंकडा २० च्या आसपास ठेवावा. तो जितका लहान तितकें चित्र चांगलें आणि फाइल मोठी. पडदा १०८० चाच असेल तर प्रतहि तेवढीच करावी.

आणि मूळ चित्रण पुसूं नये. हें आम्ही मुद्दाम निराळें लिहितों, कारण इंदूरच्या एका वाचकांनीं जागा होत नाहीं म्हणून मूळ पुसून लहान प्रतच ठेवावी काय, असें विचारलें आहे. ठेवूं नये. प्रत केव्हांहि पुनः करतां येते. प्रतीवरून मूळ करतां येत नाहीं. आजचें जड चित्रण दहा वर्षांनंतरचीं यंत्रें हंसत हंसत चालवितील. जागा हवी असेल तर दुसरी डिस्क घ्यावी, कार्डाच्या मानानें ती स्वस्तच पडते. आणि शक्य तर दोन डिस्कांवर दोन प्रती करून एक दुसऱ्या घरीं, बहिणीकडे वा मुलीकडे, ठेवावी.

एवढें केल्यावर पुण्याची मुंज वाहूं लागेल. पण अगदी तेलाच्या धारेसारखी वाहील असें आम्ही अद्याप म्हणत नाहीं. कारण अडखळण्याचें दुसरें एक मूळ आहे, आणि त्याचा प्रोसेसरशीं वा कार्डाशीं कांहींच संबंध नाहीं. आपल्याकडील विजेचा प्रवाह सेकंदाला पन्नास आवर्तनांचा. कार्यालयांतील पुष्कळ दिवे त्यामुळें सेकंदाला शंभर वेळां लुकलुकतात, आणि कॅमेरा त्याच्याशीं जुळवून न घेईल तर चित्रांत पट्टे सरकतांना दिसतात. म्हणून आपले चित्रणकार बहुधा सेकंदाला पंचवीस वा पन्नास चित्रेंच घेतात. आपल्या टेलिव्हिजनची जुनी पद्धतिहि पंचवीसचीच होती. उलट संगणकाचा पडदा मात्र सेकंदाला साठ वेळां ताजा होतो. पन्नास चित्रें साठ जागीं बसवावयाचीं म्हणजे दर पांच चित्रांतील एक दोनदां दाखवावें लागतें. सेकंदाला दहा वेळां ठेंच लागते. पंचवीस चित्रें असतील तर कोणतें दोनदां, कोणतें तीनदां. स्थिर बसलेल्या भटजींकडे पाहतांना हें कळत नाहीं. पण कॅमेरा मांडवावरून हळूहळू फिरूं लागला, किंवा बटु झोळी घेऊन पंक्तींतून चालूं लागला, कीं तो सरळ न चालतां टप्प्याटप्प्यानें सरकतो. डोळ्यांना शीण देणारें तें हेंच. सिनेमाची चाल सेकंदाला चोवीसची असल्यामुळें त्याचीहि हीच गत होते.

उपाय फुकटचा आहे. संगणकाच्या सेटिंग्जमध्यें डिस्प्लेच्या पोटीं 'ॲडव्हान्स्ड डिस्प्ले' म्हणून पान असतें. तेथें साठच्या जागीं पन्नास निवडावें. टेलिव्हिजनचे पडदे हें बहुधा मान्य करतात. संगणकाचे कांहीं करतात, कांहीं करीत नाहींत. पन्नासवर पन्नास चित्रें एकेकदां व पंचवीस चित्रें दोन-दोनदां, अशीं बिनचूक बसतात. ज्यांच्याकडे १२० चा पडदा आहे त्यांनीं सिनेमासाठीं १२० ठेवावें, कारण चोवीस पंचे एकशें वीस. एमपीसी-एचसी हा कार्यक्रम चित्र पूर्ण पडद्यावर आलें कीं ही निवड आपोआपहि करूं शकतो. आमच्या मतें, 'कार्ड कमी पडतें' अशा तक्रारींपैकीं पुष्कळ तक्रारी या एका आंकड्याच्या आहेत.

कार्यक्रमाविषयीं फार लिहावयास नको. व्हीएलसी हा पॅरिसजवळच्या एका अभियांत्रिकी विद्यालयांतील विद्यार्थ्यांनीं १९९६ सालीं सुरू केलेला, २००१ पासून सर्वांना मुक्त. घरांतील वडील माणसांना हाच सोपा. एमपीव्ही दिसण्यांत बोडका, पण कामांत अत्यंत नेटका. त्यांत 'आय' हें अक्षर दाबलें म्हणजे किती चित्रें गळलीं आणि उलगडण्याचें काम कोण करीत आहे, तें लगेच दिसतें. ज्यांना रोग ओळखावयाचा आहे त्यांनीं तोच घ्यावा. तीनहि विनामूल्य आहेत, आणि त्यांच्या मूळ ठिकाणाहूनच उतरवावे. 'कोडेकांचा संच' म्हणून जें जाळ्यावर वाटलें जातें तें घरांत आणूं नये. विंडोजच्या स्वतःच्या कार्यक्रमाला एचईव्हीसीसाठीं थोडे पैसे भरून एक जोडणी घ्यावी लागते. व्हीएलसीला ती लागत नाहीं.

रोग ओळखण्याची एक खूण सर्वांसाठीं. चित्र चालू असतां विंडोजचा टास्क मॅनेजर उघडून ग्राफिक्सचें पान पाहावें. तेथें 'व्हिडिओ डीकोड' नांवाचा आलेख वर उठलेला असेल तर मंडल काम करीत आहे. तो सपाट असून प्रोसेसरचा आंकडा शंभरीला टेंकला असेल तर काम आचाऱ्यावर पडलें आहे. तेव्हां कार्यक्रमांतील 'हार्डवेअर डीकोडिंग' चालू आहे काय तें बघावें, आणि तें चालू असूनहि फरक पडत नसेल तर चित्रफितीची जात तपासावी. दोन्ही आलेख शांत असून चित्र अडखळत असेल, तर पडद्याचा आंकडा, केबल किंवा डिस्क यांच्याकडे वळावें. जुन्या एचडीएमआय जोडणीवरून ४के चित्र सेकंदाला तीसच वेळां जातें आणि कोणी तसें सांगतहि नाहीं. पेन ड्राइव्ह संथ असेल तर फाइल आधीं संगणकावर उतरवून मग लावावी. लॅपटॉप असेल तर चार्जर जोडून पाहावा.

यूट्यूबवर कीर्तनें व गाण्याच्या मैफली ऐकणाऱ्यांच्या दोन तक्रारी आहेत. दोघांचेहि संगणक २०१५ च्या पूर्वींचे. यूट्यूब ४के चित्रें एच. २६४ पद्धतीनें देत नाहीं, व्हीपी ९ वा एव्ही १ नेंच देतें. आणि त्यांच्या यंत्रांना या दोन्ही येत नाहींत. त्यांनीं चित्राची प्रत १०८० वर किंवा ७२० वर आणावी. कीर्तनकारांच्या उपरण्याचे धागे मोजावयाचे नसल्यामुळें तेवढ्यानें कांहीं बिघडणार नाहीं. अशा जुन्या यंत्रांत कार्ड घालणें आम्हांला फारसें पसंत नाहीं. घालावयाचेंच तर ज्याला वीज पुरविण्यास निराळी तार लागत नाहीं असें लहान घ्यावें, आणि त्याला कोणत्या पद्धति येतात तें कंपनीच्या तक्त्यांत स्वतः वाचून घ्यावें. विंडोज १० चा आधारहि ऑक्टोबर २०२५ मध्यें संपला आहे, तेव्हां एवीतेवी हीं यंत्रें बदलण्याचा विचार करावाच लागेल. नवें घेतांना व्हिडिओपुरतें पाहणाऱ्या घराला आंतलेंच ग्राफिक्स पुरतें. स्वतंत्र कार्ड घ्यावें तें खेळांसाठीं, चित्रण कापण्याजोडण्याच्या धंद्यासाठीं, किंवा ज्यांना तसलेंच दुसरें जड काम आहे त्यांनीं.

नागपूरच्या भगिनींच्या २००३ सालच्या लग्नफितींत माणसें हललीं कीं कडांना फणीच्या दातांसारख्या रेघा दिसतात, असें त्या लिहितात. तो बिघाड नव्हे. त्या काळचे कॅमेरे प्रत्येक चित्र दोन अर्धुकांत घेत, आधीं एक ओळ सोडून एक आणि मग राहिलेल्या ओळी. हल्लींचा पडदा दोन्ही एकदम दाखवितो म्हणून दांत दिसतात. व्हीएलसीमध्यें किंवा एमपीव्हीमध्यें इंग्रजी 'डी' अक्षर दाबावें, दांत नाहींसे होतील. फीत नव्यानें करून घेण्यासाठीं कोणी पैसे मागत असेल तर देऊं नयेत.

राहतां राहिली पुण्याच्या सासूबाईंची गोष्ट. पाहण्याची प्रत तयार झाली म्हणजे संगणक मध्यें हवाच असें नाहीं. दिवाणखान्यांतील टेलिव्हिजनच्या मागें पेन ड्राइव्ह लावून तीच प्रत दाखवितां येते. त्याच्या आंत एच. २६४ चें मंडल असतेंच. मात्र पेन ड्राइव्ह एफएटी ३२ या जुन्या रीतीनें आंखलेला असेल तर त्यावर ४ गिगाबाइटांहून मोठी फाइल बसत नाहीं, नकार येतो. तो आधीं एक्सफॅट रीतीनें आंखून घ्यावा, किंवा मुंजीचे विधीवार तुकडे करावे. आम्हांला तुकडेच बरे वाटतात. मातृभोजनाची फाइल निराळी ठेवली म्हणजे सासूबाईंना ती हवी तेव्हां, दुपारीं चार घटका एकट्यानें बसूनहि, पुनः पुनः लावतां येईल. शस्त्रक्रियेनंतर किती वेळ पडद्याकडे पाहावें तें मात्र त्यांच्या डॉक्टरांनाच विचारावें.

ओंठ आणि आवाज यांचा मेळ चुकतो, अशी जी दोन पत्रें आहेत त्यांचा विचार पुढील अंकीं करूं. त्या वाचकांनीं स्पीकर तारेचे आहेत कीं ब्लूटूथचे, एवढें तोंवर कळवावें.